मुक्कामी गाड्यांनी घडवलेला कान

बीड शहरात प्रवासी रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा मुहूर्त साधून. आष्टीला ती तीन वर्षे आधी पोहोचली होती आणि परळीला तर निजामाच्या काळातच रूळ आले होते. पण परळी पडली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला. गेवराई, पाटोदा, शिरूर, केज, धारूर या भागांतल्या माणसांचे सगळे विसावे शतक रस्त्यावरच्या इंजिनाच्या भरवशावर गेले. या मागासलेपणावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते रास्तच आहे. त्याची एक बाजू मात्र दुर्लक्षित राहिली. ज्या मुलखात इंजिन बंद पडले की दवाखाना, बाजार आणि कचेरी सगळेच लांब जाते, तिथे इंजिनाच्या आवाजाकडे लक्ष देणे ही चैन राहत नाही. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना इंजिन टकटक करते, ठोकते, आणि गरम झाले की गप्प बसते, ही तक्रार घेऊन आजही कुणी गॅरेजला गेला की जुना मिस्त्री म्हणतो, ‘गाडी रात्री इथंच राहू द्या, सकाळी बघू.’ गिऱ्हाईकाला हा वेळकाढूपणा वाटतो. माझे म्हणणे असे की या आजाराची अर्धी परीक्षा त्या एका वाक्यात आहे, आणि हे शहाणपण कार दुरुस्त करून आलेले नाही. ते विहिरीवरच्या इंजिनांनी आणि खेड्यात मुक्कामाला राहणाऱ्या एसटीने घडवले. कार या कहाणीत फार उशिरा येते.

सुरुवात विहिरीपासून करावी लागते. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३३ च्या सुमारास डिझेल इंजिने बनवायला घेतली. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्यात उभी राहिली. विलायती इंजिनांत लिस्टरचा दबदबा मोठा. त्यांचे संथ चालणारे, मिनिटाला सहाशे फेऱ्यांचे एका सिलिंडरचे इंजिन ‘सीएस’ या नावाने विकले जाई, आणि ही अक्षरे ‘कोल्ड स्टार्ट’ अशीच होती. म्हणजे थंड इंजिन सुरू होणे हीच त्या मालाची जाहिरात. त्याच्या नकला पुढे राजकोटला इतक्या बनल्या की मूळ कंपनीने ते इंजिन बंद केल्यावरही नकला चालूच राहिल्या. त्या मूळ इंजिनाच्या हेडवर एक छोटे हातचाक असे. सुरू करताना ते आवळायचे. त्याने हेडमधली जास्तीची पोकळी बंद होई आणि हवा अधिक दाबली जाई. मग दाब सोडून देणारा डीकॉम्प्रेशनचा खटका वर करून हँडल मारायचे, फ्लायव्हीलला वेग आला की खटका खाली पाडायचा. इंजिन ‘धरले’ आणि जरा तापले की हातचाक सैल करायचे. ते सैल करायला विसरले तर इंजिन कडक ठोके देत चाले. हे करताना शेतकऱ्याला ज्वलनाचे शास्त्र कुणी शिकवले नव्हते. पण थंड इंजिनाला एक वागणूक आणि गरम इंजिनाला दुसरी, हा धडा त्याला रोज पहाटे मिळत होता. परळीच्या औष्णिक केंद्राचा ३० मेगावॅटचा पहिला संच १९७१ साली सुरू झाला, आणि त्यानंतरही शिवारात खांब पोहोचायला वर्षे लागली. तोवर, आणि पुढे भारनियमनाच्या काळातही, मोटेनंतरचे पाणी ओढणारे यंत्र म्हणजे हेच.

ही ठोक येते कशी, ते इथेच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा वाद त्यावर उभा आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला जातो आणि तो आपोआप पेटतो. पण फवारा पडला की लगेच पेटत नाही. मध्ये अगदी थोडा, सेकंदाच्या हजारांशात मोजायचा वेळ जातो. इंजिन थंड असले, रिंगा झिजून दाब कमी पडत असला, नोझल फवारा मारण्याऐवजी थेंब गाळत असला, किंवा डिझेलच हलके असले, तर हा वेळ लांबतो. तेवढ्यात आणखी डिझेल आत साचते आणि मग सगळे एकदम भडकते. पिस्टनच्या डोक्यावर हातोडा पडावा तसा आवाज येतो. इंजिन तापले की हा विलंब घटतो आणि आवाज मवाळ होतो. म्हणजे डिझेलची ही ठोक स्वभावतःच सकाळची आहे. दुपारी बारा वाजता गरम गाडी घेऊन गॅरेजला जाणे म्हणजे ताप उतरल्यावर वैद्याकडे जाण्यासारखे.

विहिरीवरचे इंजिन जागचे हलत नाही. पण एसटी हलते, आणि म्हणून तिथे निर्णय घ्यावा लागतो. हैदराबाद संस्थानात निजामाच्या रेल्वेने जून १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी सरकारी मोटारसेवा सुरू केली, ती देशातल्या पहिल्या सरकारी बससेवांपैकी एक. इकडे मुंबई राज्यात एसटी धावली १ जून १९४८ ला, पुणे–अहमदनगर मार्गावर, आणि त्या दिवशी शेजारचा बीड जिल्हा अजून निजामाच्याच अमलाखाली होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला, त्याची बससेवाही आली, आणि १९६१ मध्ये ती महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाली. या सगळ्या प्रवासात खेड्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाची रीत म्हणजे मुक्कामी गाडी. संध्याकाळची शेवटची फेरी गावात येते, चालक-वाहक तिथेच झोपतात, आणि पहाटे तीच गाडी दूधवाले, विद्यार्थी, कोर्टकचेरीची माणसे घेऊन तालुक्याला निघते. बालाघाटच्या डोंगराळ गावांत या गाडीवाचून सकाळ सुरूच होत नसे.

आता या चालकाच्या जागी उभे राहून पाहा. डेपो तीस-चाळीस किलोमीटरवर, फोन नाही, मेकॅनिक नाही. म्हणून तो गाडी आदल्या रात्रीच उतारावर लावतो. बॅटरीने दगा दिला तर गाडी ढाळावर सोडून गिअर टाकता यावा. पहाटे इंजिन सुरू होते आणि ठोकते. खाली पन्नास माणसे उभी आहेत. त्याला एकच गोष्ट ठरवायची असते: हा आवाज घेऊन निघायचे की नाही? पांढरा धूर आणि ठोक दोन्ही बरोबर आहेत आणि गाव सोडेपर्यंत दोन्ही विरतात, तर ते कच्चे जळणारे डिझेल. निघायला हरकत नाही. आवाज सुरू होताच दोन-चार क्षण येऊन थांबला, तर रात्रभरात खाली उतरलेले ऑइल वर पोहोचायला लागलेला तो वेळ. पण आवाज खालून येतोय, घट्ट आहे, रेस दिल्यावर वाढतोय आणि इंजिन तापूनही हटत नाही, ऑइलच्या दाबाचा काटाही ढिला पडलाय, तर ते बेअरिंग; गाडी हलवायची नाही. या तीन प्रश्नांत, म्हणजे आवाज कधी येतो, कधी जातो आणि भाराखाली त्याचे काय होते यांत, थंड इंजिनाच्या परीक्षेचा गाभा आहे. आजची पाठ्यपुस्तकेही याच प्रश्नांपासून सुरुवात करतात. फरक इतकाच की मुक्कामी गाडीच्या चालकाला ते प्रश्न रोज, अंधारात आणि एकट्याने सोडवावे लागत. डेपोत पोहोचल्यावर तो तक्रार सांगे ती ‘गाडी ठोकते’ अशी मोघम नसे; ‘सकाळी ठोकते, अमुक फाट्यापर्यंत जाते’ अशी असे. फाट्याच्या मापाने मोजलेला तो वेळ मेकॅनिकला पुरेसा असायचा.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. बीडमध्ये कुठली आली थंडी? थंडीत इंजिन सुरू न होणे हा लडाखचा, फार तर काश्मीरचा प्रश्न. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहा-बारा अंशांवर येतो, तेवढ्याने लोखंडाला काय होणार? आक्षेप हवामानाच्या दृष्टीने बरोबर आहे, पण इंजिन हवामान तसे मोजत नाही. सतरापट दाबल्या जाणाऱ्या हवेत सुरुवातीचा प्रत्येक अंश शेवटी जवळजवळ पावणेतीन अंशांचा होऊन बसतो. मे महिन्यातल्या चाळीस अंशांच्या दुपारच्या तुलनेत डिसेंबरच्या पहाटे दाबलेली हवा सत्तर-ऐंशी अंशांनी कमी तापलेली असते. नव्या इंजिनाला हा फरक पचतो. झिजलेल्या इंजिनाला तो पचत नाही, आणि बीडच्या रस्त्यांवर नवे इंजिन ही नेहमीच दुर्मिळ वस्तू होती. दुसरे असे की थंड इंजिन म्हणजे बाहेरच्या हवेइतके उतरलेले इंजिन. अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन लोखंडी बोअरपेक्षा जास्त आकसतो, त्यांच्यातली फट रात्रीतून वाढते आणि सकाळी पिस्टन भिंतीवर आपटतो. याला बर्फ पडावा लागत नाही, आठ तास उभे राहणे पुरते. शिवाय जिल्ह्यातल्या गाड्यांचा खरा राबता नेमका हिवाळ्यात. ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. बीडच्या टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरांतून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि फडावरचा ट्रॅक्टर उजाडायच्या आत सुरू व्हावा लागतो.

ऐंशीच्या दशकापासून एसटीच्या जोडीला जीप आल्या आणि ठोकीचा प्रश्न खासगी मालकाच्या खिशात शिरला. महिंद्राने जीपमध्ये प्यूजोचे एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन बसवले. यात डिझेल आधी एका छोट्या कोठडीत पेटते, म्हणून ते हीटर प्लगवाचून थंडीत नीट धरत नाही. चार प्लगांपैकी एक जळाला की एक सिलिंडर उशिरा पेटतो: सुरुवातीला मिसिंग, ठोक, पांढरा धूर, मिनिटभरात सगळे सुरळीत. दुरुस्ती एका प्लगची. पण मालकाने गाडी गरम करून आणली, तर हाच आवाज मेकॅनिकला ऐकूच येणार नाही, आणि मग नोझल काढा, पंप उतरवा, टायमिंग हलवा, असा खर्चाचा रस्ता सुरू होतो. थेट फवाऱ्याच्या, म्हणजे लोक ‘डीआय’ म्हणत त्या इंजिनांना सुरू व्हायला हीटर फारसा लागत नसे. ठोक मात्र त्यांच्या जन्मालाच पुजलेली. तिथे कोणता आवाज नेहमीचा आणि कोणता आजाराचा हे फक्त त्या जातीची पुष्कळ इंजिने थंड असताना ऐकलेल्या माणसालाच कळणार. आजार नक्की कुठल्या सिलिंडरचा, हे शोधायची रीतही साधी होती. इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट पाऊण आटा सैल करायचा. ज्याचा नट सैल केल्यावर ठोक थांबली तो सिलिंडर दोषी. एकाही नटाने फरक पडला नाही, तर दोष ज्वलनात नाही, खाली धातूत आहे. पाना एक, वेळ पाच मिनिटांचा, आणि निष्कर्ष बहुधा बिनचूक.

इंधनाचा भाग यात मोठा आहे आणि तो सांगताना संकोच करण्याचे कारण नाही. रेशनचे रॉकेल स्वस्त होते, डिझेल-पेट्रोल महाग. ते एकमेकांत मिसळले जाणार हे उघड होते. सरकारने रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिला तो याच भीतीने. हा धंदा किती निर्ढावला होता हे २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जिवंत जाळले तेव्हा साऱ्या देशाने पाहिले. पेट्रोलमध्ये रॉकेल पडले की ते चढावर आणि ओझ्याखाली जोरात ठोकते. डिझेलमध्ये पडले की फवाऱ्याच्या पंपाला वंगण कमी पडते आणि झीज वाढते. म्हणून चांगला मेकॅनिक इंजिनाला हात लावण्याआधी ‘तेल कुठं भरलं?’ असे विचारी. हा प्रश्न गप्पांचा नव्हे, तपासाचाच.

पेट्रोल कार आली तेव्हा मात्र या डिझेलवर घडलेल्या कानाची फसगत झाली, आणि ते मान्य केले पाहिजे. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये बाजारात आली. बीडसारख्या जिल्ह्यात घरोघरच्या वापराची कार रुळायला आणखी बराच काळ गेला. पेट्रोल इंजिनाची खरी ठोक ही डिझेलच्या नेमकी उलट. डिझेल उशिरा पेटल्याने ठोकते. पेट्रोल ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्याची वाट न पाहता कोपऱ्यात आपणहून पेटल्याने. त्यामुळे ती गरम इंजिनात, घाट चढताना, वरच्या गिअरमध्ये दाबल्यावर येते. पहाटे उभ्या गाडीत ती सहसा येतच नाही. अशी गल्लत मोठमोठ्यांचीही झाली आहे. अमेरिकेत अभियंता चार्ल्स केटरिंगच्या बॅटरी इग्निशनलाच लोकांनी ठोकीबद्दल दोषी धरले होते. त्याच्या हाताखालच्या टॉमस मिजलीने इंधनाच्या मागे लागून ९ डिसेंबर १९२१ रोजी शिसेयुक्त रसायनाचा उतारा शोधला, आणि तो उतारा रोगापेक्षा भयंकर ठरून भारतातल्या पंपांवरून हटायला १ फेब्रुवारी २००० उजाडावी लागली. तेव्हा पेट्रोल कार सकाळी टकटकते म्हणून टायमिंग मागे घेणारा मेकॅनिक चुकत होता, आणि अशा मेकॅनिकांची उणीव नव्हती. त्या टकटकीची कारणे बहुतेक धातूची आणि ऑइलची: टॅपेटचे वाढलेले गॅप, चेनचा ढिला टेन्शनर, पिस्टनची फट, स्वस्त फिल्टरची आतली झडप रात्रभर ऑइल धरून न ठेवणे, किंवा एक्झॉस्टच्या जोडाची गळती, जी लोखंड तापून फुगले की आपोआप बंद होते. पण इथेही जुन्या तीन प्रश्नांनी तारले असते. दोन सेकंदांचा आवाज असेल तर ऑइल आणि फिल्टर पाहा. दोन-चार मिनिटांचा असेल तर पिस्टन किंवा एक्झॉस्टचा जोड. कायमचा, बारीक आणि इंजिनाच्या निम्म्या वेगाचा असेल तर टॅपेट. अनुमान बदलले, विचारण्याचा क्रम तोच राहिला.

दुसरा आक्षेप याहून बोचरा आहे. कानाच्या भरवशावर चाललेल्या या कसबाने किती इंजिने विनाकारण खोलली, त्याचा हिशेब कोण देणार? ‘हाफ इंजिन करावं लागेल’ हे वाक्य ऐकून किती मालक हवालदिल झाले असतील? आणि आवाज दाबण्यासाठी जाडसर ऑइल ओतून गाडी विकून टाकण्याचा उद्योग तर सर्वश्रुत आहे. हे सगळे खरे आहे. जाड ऑइलची युक्ती तर दुहेरी घातक: गरम इंजिनात ते आवाज झाकते आणि थंड इंजिनात तेच सावकाश वर चढते, म्हणजे जिथे झीज सर्वांत जास्त होते तिथेच उपाशी ठेवते. पण हे सारे दोष नेमके कुठून येतात ते पाहा. ते थंड इंजिन न ऐकता निकाल दिल्याने येतात. बाजाराच्या दिवशी गर्दीत, गरम गाडीवर, दहा मिनिटांत सांगितलेला रोग हा त्या परंपरेचा नियम मोडून सांगितलेला असतो. परंपरेच्या नावाने चाललेल्या घाईचा दोष परंपरेवर टाकणे मला पटत नाही.

तिसरा आक्षेप काळाचा: आता हे हवे कशाला? स्कॅनर लावला की कोड येतो. कॉमन रेल इंजिनांनी, जी प्रवासी मोटारीत १९९७ मध्ये आली, मुख्य फवाऱ्याआधी डिझेलचा एक चिमुकला फवारा सोडून ज्वलन हळू सुरू करण्याची सोय केली आणि डिझेलची जुनी ठोक जवळजवळ संपवली. पेट्रोल इंजिनात नॉक सेन्सर ठोक ऐकून स्वतःच ठिणगी मागे घेतो. पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे, आणि इथेनॉल ठोकीला चांगलेच रोधक आहे. बीडच्या माणसांनी तोडलेल्या उसाचा त्यात वाटा आहे, ही गंमत नोंदवण्यासारखी. त्याच इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, म्हणून शुद्ध इथेनॉलवर चालणाऱ्या ब्राझीलमधल्या जुन्या गाड्यांत थंडीतल्या सुरुवातीसाठी पेट्रोलची वेगळी छोटी टाकी असे. आपल्याकडच्या मिश्रणाला आणि आपल्या थंडीला तिची गरज नाही.

या आक्षेपातला एक भाग मी विनाशर्त मान्य करतो, आणि तो सुरक्षिततेचा आहे. नोझलचा नट सैल करून सिलिंडर शोधण्याची रीत कॉमन रेलवर कुणीही करू नये. जुन्या पंपावर नोझल दोन-अडीचशे बारला उघडे; इथे दाब हजार-दीड हजार बारच्या पुढे जातो आणि सुईसारखी धार कातडी भेदून आत शिरते. तिथे स्कॅनरनेच इंजेक्टरची दुरुस्तीमात्रा वाचावी, एकेक सिलिंडर संगणकावरून बंद करून पाहावा. पण बाकीच्या बाबतीत स्कॅनरची मर्यादा सरळ आहे: ज्या जागी सेन्सर आहे तिथलेच तो सांगतो. पिस्टनच्या फटीला, फिल्टरच्या झडपेला किंवा एक्झॉस्टच्या फुटक्या गॅस्केटला तो बहुधा कोड देत नाही. सकाळी टकटकणारी आणि गरम झाल्यावर मुकी होणारी गाडी दुपारी स्कॅनरला जोडली, तर पडद्यावर अनेकदा काहीच नसते. तेव्हा गाडी मुक्कामाला ठेवण्याची रीत स्कॅनरने बाद केली नाही; उलट, पहाटे पहिल्या सेल्फपासून स्कॅनर जोडलेला असेल तर तोच स्कॅनर दुप्पट उपयोगी पडतो.

हे कसब मात्र कागदावर नाही. एसटीच्या जुन्या डेपो मेकॅनिकांची पिढी निवृत्त झाली, प्यूजो इंजिनाच्या जीप भंगारात गेल्या, आणि विहिरींवरच्या त्या संथ इंजिनांपैकी चालू किती उरली असतील ते शिवारातच शोधावे लागेल. जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक आणि मोटार मेकॅनिक हे दोन्ही अभ्यासक्रम शिकवले जातात, मुलांच्या हातात फोन आहेत आणि फोनमध्ये आवाज टिपण्याची सोय आहे. थंड इंजिनाचा पहिल्या सेल्फपासूनचा पाच मिनिटांचा आवाज टिपायचा, वर गाडीचे इंजिन, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड आणि तापमान लिहायचे, आणि खोलल्यावर प्रत्यक्षात काय निघाले ते त्याच नोंदीखाली लिहायचे. मिस्त्रीचे निदान चुकले असेल तर तेही लिहायचे. एका हिवाळ्यात प्रत्येक वर्गाने अशा नोंदी केल्या, तरी महाराष्ट्रातल्या कुठल्याही तंत्रशाळेकडे बहुधा नसेल असा संग्रह बीडकडे उभा राहील. शिक्षकांनी हे येत्या डिसेंबरपासून सुरू करावे. जुने मिस्त्री अजून दुकानावर बसतात तोवरच ते शक्य आहे.